अमेरिकेच्या फिगर स्केटिंग नॅशनल्समध्ये मेडल मिळवूनही ऑलिंपिकला का नेत नाहीत?

उडती_तबकडी

नमस्कार मंडळी. विषय जरा हटके आहे, पण इथे फिगर स्केटिंग बघणारे दोनचार जण तरी आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहितीये म्हणून विचारतेय. मिलानचं २०२६ चं ऑलिंपिक बघून मला हे वेड लागलं आणि मग यूट्यूबवर मागेमागे जात अमेरिकेच्या नॅशनल्सचे जुने व्हिडिओ बघत बसले. त्यात २०२२ ची नॅशव्हिलची स्पर्धा लागली. नॅथन चेन पहिला, ते ठीकच, पण दुसरा आला इलिया मालिनिन, तेव्हा सतरा वर्षांचा, स्कोअर ३०० च्या वर, प्रेक्षक उभे राहून ओरडतायत, आणि नंतर वाचते तर काय की त्याला बीजिंगला नेलंच नाही! तिसरा आलेला व्हिन्सेंट झोउ गेला, चौथा आलेला जेसन ब्राउन गेला, आणि सिल्व्हर मेडल गळ्यात असलेला मुलगा घरी. हे कसं काय? म्हणजे मेडलला काही किंमतच नाही का? आणि दुसरं म्हणजे पोडियमवर चार जण का उभे असतात? मला आधी वाटलं टाय झालाय, पण दरवर्षीच चार दिसतायत. कुणीतरी नीट समजावून सांगा, गूगल केलं तर नुसते भांडणाचे व्हिडिओ येतात.

रिंकवाली

तबकडी, स्वागत आहे, एकदा आत आलीस की बाहेर पडणं अवघड आहे हे आधीच सांगून ठेवते.

चार जणांचं सोपं आहे. अमेरिकेच्या नॅशनल्समध्ये चौथ्या नंबरालाही मेडल देतात, प्यूटरचं, म्हणजे कथलाच्या मिश्रधातूचं, करड्या रंगाचं असतं. बाहेर वर्ल्ड्सला (म्हणजे जागतिक स्पर्धेला) किंवा ऑलिंपिकला हे नाही, तिथे तीनच. त्यामुळे अमेरिकन स्केटर्सच्या माहितीत 'प्यूटर मेडलिस्ट' असं दिसलं की समजायचं घरच्या स्पर्धेत चौथा.

आता मालिनिनचं. आधी हे लक्षात घे की ऑलिंपिकची जागा स्केटरला मिळत नाही, देशाला मिळते. आदल्या वर्षीच्या वर्ल्ड्समध्ये देशातल्या चांगल्या दोघांच्या नंबरांची बेरीज १३ किंवा कमी आली तर तीन जागांचा हक्क, २८ पर्यंत आली तर दोन, नाहीतर एक. २०२१ ला स्टॉकहोममध्ये चेन पहिला आणि ब्राउन सातवा, बेरीज आठ, म्हणजे तीन जागा व्हायला हव्या होत्या, पण झोउ तिथे शॉर्टमध्येच (पहिल्या, छोट्या फेरीत) आपटला आणि फ्री स्केटला (दुसऱ्या, मोठ्या फेरीला) पोचलाच नाही, त्यामुळे तिसरी जागा नियमाप्रमाणे वेगळी कमवावी लागणार होती. ती कमवायची शेवटची संधी म्हणजे सप्टेंबरमधली जर्मनीतली नेबेलहॉर्न ट्रॉफी. तिथे झोउलाच पाठवला आणि त्याने ती स्पर्धा जिंकून तिसरी जागा आणली. म्हणजे बघ, ज्या जागेवर मालिनिन जाऊ शकला असता ती जागा मुळात झोउने ओढून आणलेली. आणि ब्राउनच्या सातव्या नंबराशिवाय बाकीचं गणितच जमलं नसतं.

मग त्या जागांवर कोण जाणार हे यूएस फिगर स्केटिंगची सिलेक्शन कमिटी ठरवते. नॅशनल्सचा निकाल बघतात, पण त्याबरोबर आदल्या वर्षीच्या वर्ल्ड्स, ग्रां प्री या स्पर्धामालिकेची फायनल, त्या सीझनच्या बाकी इंटरनॅशनल स्पर्धा असं सगळं बघतात. मालिनिनकडे तेव्हा सीनियर लेव्हलला बाहेरचं दाखवण्यासारखं काही नव्हतंच, तो तोवर ज्युनियरमध्ये खेळत होता. त्यामुळे त्याला पहिला बदली खेळाडू ठेवला.

उडती_तबकडी

प्यूटरचं कळलं, थँक्यू. जागा ओढून आणलेली हे मात्र माहीत नव्हतं, याने चित्र थोडं बदलतं. पण तरी मला पटत नाहीये. बदली ठेवला म्हणजे काय, झोउला तर बीजिंगमध्ये कोविड झाला ना? मग मालिनिनला का नाही खेळवला?

रिंकवाली

कारण झोउ टीम इव्हेंटमध्ये खेळून झाल्यावर पॉझिटिव्ह आला, शॉर्ट प्रोग्रॅमच्या आदल्या दिवशी. बदली आणायची वेळ तेव्हा निघून गेलेली. त्यामुळे ती जागा तशीच रिकामी गेली. बिचाऱ्या झोउचा तो व्हिडिओ बघू नकोस, रडशील.

जुना_प्रेक्षक

रिंकवालीताईंनी नियम छान सांगितला. मी जरा मागे नेतो, कारण हा वाद २०२२ चा नाही, दर चार वर्षांनी नवीन नावं घालून तोच वाद होतो आणि मी तो टीव्हीवर, मग फोरमवर, आता मोबाइलवर वाचतोय.

१९९२, ऑरलँडो. ख्रिस्तोफर बोमन पहिला, पॉल वायली दुसरा, मार्क मिचेल तिसरा. जागा तीन. पण टॉड एल्ड्रेज, जो आदली दोन वर्षं चॅम्पियन होता आणि १९९१ च्या वर्ल्ड्सचं ब्राँझ ज्याच्याकडे होतं, त्याची पाठ दुखत होती म्हणून त्याने स्पर्धेतून माघार घेतली, आणि तरी कमिटीने त्याला आल्बेरव्हिल ऑलिंपिकला पाठवलं. मिचेल घरी. एल्ड्रेज तिथे दहावा आला. गंमत म्हणजे त्यावेळी बऱ्याच लोकांचं म्हणणं होतं की कुणाला वगळायचंच असेल तर वायलीला वगळा, वय सत्तावीस, मोठ्या स्पर्धेत पाय लटपटतात अशी ख्याती, आणि तोच वायली सिल्व्हर घेऊन आला! कमिटीला भविष्य कळत असतं तर मजाच झाली असती.

आता पुढचं ऐका. तो मार्क मिचेल पुढे कोच झाला, बॉस्टनला. त्याचा विद्यार्थी रॉस मायनर. २०१८ ला सॅन होजेच्या नॅशनल्समध्ये मायनरने आयुष्यातला सगळ्यात भारी फ्री स्केट केला आणि चेनच्या मागे दुसरा आला. तिसरा झोउ, चौथा अ‍ॅडम रिपन. टीम जाहीर झाली: चेन, झोउ, रिपन. मायनर घरी. म्हणजे गुरूला ब्राँझ मिळवून वगळलं आणि सव्वीस वर्षांनी शिष्याला सिल्व्हर मिळवून वगळलं. हे कुणी कथेत लिहिलं असतं तर संपादकाने कापलं असतं.

रिपनच्या बाजूने सांगायचं तर त्या सीझनला त्याच्याकडे ग्रां प्रीची दोन सिल्व्हर होती आणि तो ग्रां प्री फायनलला पोचलेला, मायनरच्या बाहेरच्या स्पर्धा यथातथाच. कागदावर निर्णय बरोबरच होता. पण तो फ्री स्केट बघितलेल्या माणसाला कागद दाखवून काय उपयोग.

थेट_तिकीट

माझं मत स्पष्ट आहे, हा सगळा प्रकार बोगस आहे. अमेरिकेतच स्विमिंगच्या ट्रायल्स असतात, पहिले दोन आले की गेले, बाकीचा कितीही मोठा वर्ल्ड रेकॉर्डवाला असू दे. अ‍ॅथलेटिक्सला पहिले तीन, फक्त पात्रतेचा निकष पूर्ण हवा. कडक आहे, क्रूर आहे, पण धावणाऱ्याला माहीत असतं की त्या दिवशी काय करायचं. इथे स्केटरने काय करायचं? आयुष्यभराचा सर्वोत्तम परफॉर्मन्स द्यायचा आणि मग हॉटेलच्या खोलीत बसून फोनची वाट बघायची, की कमिटीला मी आवडलो का. नॅशनल्स मग कशाला घेता? दिवे, कॅमेरे, तिकिटं, सगळं करता आणि निकालाला 'विचारात घेतलेल्या बाबींपैकी एक' म्हणता.

जुना_प्रेक्षक

थेटराव, तुमचा राग समजतो, पण स्विमिंगमध्ये घड्याळ असतं. इथे परीक्षक असतात, आणि नॅशनल्सला सगळे परीक्षक घरचेच.

रिंकवाली

हेच लिहिणार होते. नॅशनल्सच्या स्कोअरबद्दल एक गोष्ट नवीन प्रेक्षकांनी लक्षात ठेवावी, ते आकडे आंतरराष्ट्रीय संघटना म्हणजे आयएसयू धरतच नाही. वर्ल्ड्सला जायला ठरावीक किमान टेक्निकल स्कोअर लागतो आणि तो इंटरनॅशनल स्पर्धेतच मिळवलेला असावा लागतो, घरी कितीही मिळवा, शून्य. कारण उघड आहे. प्रत्येक एलिमेंटची (उडी, स्पिन वगैरे) एक बेस व्हॅल्यू असते, क्वाड अ‍ॅक्सलची (साडेचार फेऱ्यांची उडी) १२.५० आहे, मग परीक्षक त्यावर उणे पाचपासून अधिक पाचपर्यंत ग्रेड देतात, वरचे-खालचे कापून सरासरी काढतात, शिवाय टेक्निकल पॅनेल बघतं की उडी हवेत पूर्ण फिरली की पाव फेरी कमी पडली. घरच्या स्पर्धेत हात सैल असतो. हे फक्त अमेरिकेत नाही हां, रशियात, जपानमध्ये, कॅनडात सगळीकडे नॅशनल्सचे आकडे फुगलेलेच. त्यात कंपोनंट्सचे मार्क, म्हणजे कॉम्पोझिशन, प्रेझेंटेशन आणि स्केटिंग स्किल्स, ते तर माणसाच्या नजरेवरच. घरी पॅनेलने सोडून दिलेली अर्धवट उडी बाहेरचं पॅनेल पकडतं आणि मग सात-आठ मार्क एका झटक्यात जातात. म्हणून कमिटी म्हणते आम्हाला बाहेर काय झालं ते बघू दे.

मला स्वतःला जपानची पद्धत जास्त आवडते. तिकडे ऑल जपान जिंकलं की एक जागा पक्की, त्यावर चर्चा नाही. उरलेल्या जागांसाठी मग बाकीचे निकष. त्यामुळे त्या स्पर्धेला खरोखरचा जीव राहतो, आणि दुखापत झालेल्या मोठ्या खेळाडूलाही दार उघडं राहतं.

थेट_तिकीट

म्हणजे परीक्षक घरचे आहेत म्हणून त्यांच्यावर विश्वास नाही, आणि कमिटी घरची आहे तिच्यावर मात्र विश्वास. वा!

बोलघेवडी

😂😂 थेट_तिकीट यांना +१. या वाक्याला मेडल द्या, प्यूटर का होईना.

मंदाकिनी_एस

बायकांच्या स्पर्धेचा विषय कुणी काढला नाही अजून? खरे राडे तिकडेच झालेत.

२०१४ बॉस्टन. ग्रेसी गोल्ड पहिली, पोलिना एडमंड्स दुसरी, मिराई नागासू तिसरी, अ‍ॅश्ली वॅगनर चौथी. वॅगनर फ्री स्केटमध्ये दोनदा पडली, चेहरा बघवत नव्हता तिचा. दुसऱ्या दिवशी टीम आली तर नागासू बाहेर आणि वॅगनर आत. ही तीच नागासू जी चौदाव्या वर्षी नॅशनल चॅम्पियन झालेली आणि व्हँकुव्हर ऑलिंपिकला चौथी आलेली, म्हणजे काही नवखी नव्हे. वॅगनरकडे दोन नॅशनल टायटल्स आणि ताजं ग्रां प्री फायनलचं ब्राँझ होतं, ते मान्य. तेव्हा लोक वाट्टेल ते बोलले, दिसण्यावरून, जाहिरातींवरून, वंशावरून, सगळं निघालं आणि काही प्रश्न अगदीच गैर होते असं मला वाटत नाही. नागासू त्यानंतरही गाला शोमध्ये रडत रडत स्केट करून गेली आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

आणि मग बाईने काय केलं? ट्रिपल अ‍ॅक्सल (साडेतीन फेऱ्यांची उडी) शिकली. वयाच्या त्या टप्प्यावर जिथे बहुतेक मुली निवृत्त होतात. २०१८ ला नॅशनल्समध्ये दुसरी आली, टीममध्ये गेली, आणि प्योंगचांगच्या टीम इव्हेंटमध्ये ऑलिंपिकमध्ये ट्रिपल अ‍ॅक्सल लँड करणारी पहिली अमेरिकन बाई ठरली. आणि त्या वर्षी चौथी कोण आली होती माहितीये? अ‍ॅश्ली वॅगनर. या वेळी चौथीला घेतलं नाही, ब्रेडी टेनेल, नागासू आणि कॅरन चेन अशा पहिल्या तिघीच गेल्या. वॅगनर परीक्षकांवर जाम भडकली होती, मार्क कमी दिले म्हणून. मी त्या दिवशी भयंकर खूश होते, लाज वाटते पण होते.

जुना_प्रेक्षक

मंदाकिनीताई, २००६ विसरलात. मिशेल क्वान, नऊ नॅशनल टायटल्स, मॅरिबेल व्हिन्सनच्या जुन्या रेकॉर्डशी बरोबरी, त्यातली आठ सलग १९९८ ते २००५. तोरिनो ऑलिंपिकच्या वर्षी दुखापतीमुळे ती सेंट लुइसच्या नॅशनल्सला उतरलीच नाही, अर्ज केला की मला घ्या. तिथे साशा कोहेन पहिली, किमी माइसनर दुसरी, एमिली ह्यूज तिसरी. कमिटीने क्वानला घेतलं, एका अटीवर की ती फिट आहे हे एका छोट्या पॅनेलसमोर स्केट करून दाखवायचं. तिने दाखवलं. तोरिनोला पोचली, पहिल्याच प्रॅक्टिसला दुखलं, माघार. मग एमिली ह्यूजला घाईघाईने विमानात बसवलं आणि ती सातवी आली. तेव्हाही भांडणं झालीच, पण क्वानबद्दल वाईट बोलायची हिंमत फार लोकांना नव्हती, माझी तर अजिबातच नव्हती.

आणि सगळ्यांना ठाऊक असलेलं १९९४ आहेच. डेट्रॉइट, ६ जानेवारी, प्रॅक्टिसनंतर नॅन्सी केरिगनच्या पायावर हल्ला. स्पर्धा टोन्या हार्डिंग जिंकली, दुसरी आली तेरा वर्षांची क्वान. जागा दोनच. केरिगनला न खेळताच जागा दिली, क्वान बदली म्हणून राहिली. हा निर्णय चुकीचा होता असं म्हणणारा माणूस मला आजवर भेटला नाही. केरिगनने लिलेहॅमरला सिल्व्हर आणलं. हार्डिंगचं टायटल त्याच वर्षी जूनमध्ये काढून घेतलं आणि ते वर्ष यादीत रिकामंच ठेवलंय, क्वानला वर सरकवलं नाही. नाहीतर तिची दहा झाली असती.

थेटराव, तुमचा 'पहिले दोन आले की गेले' नियम १९९४ ला लावून बघा, काय झालं असतं ते.

थेट_तिकीट

एक अपवादात्मक गुन्हा घडला म्हणून तीस वर्षं सगळ्यांना अपवादाने निवडायचं का? दुखापत, हल्ला, आजार यासाठी एक जागा राखीव ठेवा, लेखी नियम करा. मायनरच्या वेळी कुणाला दुखापत झाली होती? कुणालाच नाही. रिपन तिथेच होता, खेळला, चौथा आला. रिंकवालींनी सांगितलेला जपानचा नियम चालेल मला. किमान एक तिकीट तरी बर्फावर मिळू दे.

बोलघेवडी

पेअर्सवाल्यांची (स्त्री-पुरुष जोडीने स्केट करणाऱ्यांची) कहाणी तर याहून वेगळीच. तिथे पहिलं येऊनही जाता येत नाही, आणि त्यात कमिटीचा काही संबंधच नाही. वर्ल्ड्सला जोडीतल्या एकाकडे त्या देशाचं नागरिकत्व असलं तरी चालतं, ऑलिंपिकला दोघांकडे लागतं. अलिसा एफिमोव्हा आणि मिशा मित्रोफानोव्ह ही जोडी २०२५ ला विचिटाला जिंकली, २०२६ ला सेंट लुइसला परत जिंकली, आणि मिलानला गेली नाही कारण तिचं नागरिकत्व वेळेत झालं नाही. ती आधी जर्मनीकडून स्केट करायची. मायनरला निदान कमिटीला शिव्या तरी देता आल्या, हे दोघं कुणाला देणार, पासपोर्ट ऑफिसला?

आणि उलटं उदाहरणही आहे, टॅनिथ बेल्बिन. कॅनडात जन्मलेली, बेन अगोस्टोबरोबर आइस डान्स करायची, दोन वर्षं सलग नॅशनल चॅम्पियन, पण अमेरिकन नागरिक नाही. मग चक्क काँग्रेसने कायद्यात सोय करून दिली, ३१ डिसेंबर २००५ ला ती नागरिक झाली आणि दोन महिन्यांच्या आत तोरिनोला सिल्व्हर मेडल. आता एफिमोव्हासाठी अशी सोय का नाही झाली विचारू नका, पेअर्सला कोण विचारतं अमेरिकेत.

मंदाकिनी_एस

पेअर्सला कोण विचारतं 😅 खरंय पण. नॅशनल्सला पेअर्स चालू असताना लोक कॉफी आणायला जातात.

रिंकवाली

अगं हळू, पेअर्सवाले वाचत असतील.

तबकडी, मालिनिनवर परत येते, कारण तुझा मूळ प्रश्न तो होता. त्याला बीजिंगला नेलं नाही पण त्याच सीझनला वर्ल्ड्सला पाठवलं, माँपेलिएला, तिथे तो नववा आला, मग ज्युनियर वर्ल्ड्स जिंकला, आणि सप्टेंबरमध्ये लेक प्लॅसिडला इतिहासातला पहिला क्वाड अ‍ॅक्सल मारला. २०२३ पासून नॅशनल्स सलग त्याचीच. २०२४ आणि २०२५ ला वर्ल्ड चॅम्पियन. म्हणजे नॅशव्हिलचं सिल्व्हर हे त्याच्या कारकिर्दीतलं शेवटचं नॅशनल सिल्व्हर असू शकतं. आणि मिलानला काय झालं ते तू बघितलंसच, सगळ्यात मोठा फेव्हरिट, आणि आठवा. आता माझ्या डोक्यातला प्रश्न असा की २०२२ ला त्याला नेलं असतं, कसलीही अपेक्षा नसताना, नुसता अनुभव घ्यायला, तर २०२६ ला त्या प्रेशरखाली तो वेगळा दिसला असता का? याचं उत्तर कुणाकडेच नाही, पण मी हे रोज एकदा तरी घोळवते. त्यामुळे कमिटीच्या बाजूने इतकं लिहूनही २०२२ चा निर्णय माझ्या घशाखाली पूर्ण उतरलेला नाही.

उडती_तबकडी

अरे बापरे, केवढं लिहिलंय सगळ्यांनी, दोनदा वाचलं. म्हणजे ताई तुम्हीही थोड्या माझ्याच बाजूच्या आहात तर. एक विचारू, मग यावर्षी सेंट लुइसला भांडण झालं का? अँबर ग्लेन पहिली आणि अ‍ॅलिसा लिउ दुसरी होती ना, आणि ऑलिंपिक गोल्ड लिउला.

मंदाकिनी_एस

यावर्षी सिंगल्सला भांडायला काही शिल्लकच ठेवलं नाही कुणी. बायकांमध्ये ग्लेन, लिउ, इझाबो लेव्हिटो, याच क्रमाने आल्या आणि तिघी गेल्या. ग्लेनचं सलग तिसरं टायटल. लिउ २०२५ लाही विचिटाला ग्लेनच्या मागे दुसरीच होती आणि मग दोन महिन्यांनी बॉस्टनला वर्ल्ड चॅम्पियन झाली! घरी दुसरी, जगात पहिली, हे तिने दोन वर्षं लागोपाठ केलं. आणि हे नवीन नाही, १९९८ ला क्वान घरी पहिली आणि तारा लिपिन्स्की दुसरी, नागानोला बरोबर उलटं.

लिउचं तर सगळंच उलटसुलट. तेराव्या वर्षी नॅशनल चॅम्पियन, इतकी लहान की पोडियमवर चढताना बाकीच्यांनी हात दिला. पुढच्या वर्षी परत चॅम्पियन. २०२२ ला नॅशव्हिलला शॉर्टनंतर तिसरी होती आणि कोविड निघाला, फ्री स्केट केलाच नाही, तरी कमिटीने बीजिंगला नेलं (महिलांची तिसरी जागाही तिनेच नेबेलहॉर्न जिंकून आणलेली). त्या वेळी ब्राँझ मिळालेली लेव्हिटो चौदा वर्षांची, वयातच बसत नव्हती. मग सोळाव्या वर्षी लिउ निवृत्त! दोन वर्षं बर्फाकडे बघितलं नाही, परत आली, म्हणाली मला मजा येते म्हणून करतेय, आणि २००२ च्या सारा ह्यूजनंतर अमेरिकन बाईला सिंगल्सचं ऑलिंपिक गोल्ड तिने आणलं. सारा म्हणजे वर जुन्या_प्रेक्षकांनी सांगितलेल्या एमिलीची मोठी बहीण.

जुना_प्रेक्षक

आणि पुरुषांमध्ये मालिनिन, अँड्र्यू टोर्गाशेव्ह, मॅक्सिम नाउमोव्ह, तिघंही गेले.

नाउमोव्हबद्दल दोन ओळी लिहायलाच हव्यात. हा मुलगा २०२३, २०२४ आणि २०२५ अशी तीन वर्षं सलग चौथा. तीन प्यूटर. विचिटाच्या स्पर्धेनंतर तो परत निघाला, त्याचे आईवडील मागे थांबले कारण तिथे लहान मुलांचा कॅम्प होता. येवगेनिया शिश्कोव्हा आणि व्हादिम नाउमोव्ह, १९९४ चे पेअर्सचे वर्ल्ड चॅम्पियन, बॉस्टनला कोच होते. २९ जानेवारी २०२५ ला विचिटाहून वॉशिंग्टनला येणारं ते विमान लष्करी हेलिकॉप्टरला धडकून पोटोमॅक नदीत पडलं. ६७ माणसं गेली, त्यात २८ जण स्केटिंगच्या जगातले, कॅम्पमधली मुलं, त्यांचे पालक, कोच. त्यात हे दोघं.

पुढच्या वर्षी सेंट लुइसला तो तिसरा आला. मार्कांची वाट बघताना आईवडिलांचा फोटो हातात होता. मी एवढी वर्षं ही स्पर्धा बघतोय, कोण ऑलिंपिकला जातो यावर तावातावाने भांडलोय, पण त्या संध्याकाळी कमिटी त्याला वगळेल की काय या विचाराने मला खरोखर धडधडत होतं. नाही वगळलं.

थेट_तिकीट

तो फोटोचा क्षण मीही बघितला. यावर वाद नाही.

(वाद बाकी सगळ्यावर चालू आहे.)

बोलघेवडी

चॉक आणि बेट्स राहिले की! मॅडिसन चॉक, इव्हान बेट्स, सेंट लुइसला सातवं टायटल, अमेरिकन आइस डान्समध्ये सात कुणाचीच नव्हती, डेव्हिस-व्हाइटची सहा होती. पहिलं २०१५ ला, आणि तेव्हापासून मध्ये चार वर्षं काहीच नाही, मग २०२० ला दुसरं. इतका धीर माझ्यात असता तर मी पीएचडी पूर्ण केली असती.

उडती_तबकडी

बरं आता शेवटचं, शनिवार रविवार मोकळा आहे, जुन्या नॅशनल्समधलं काय काय बघू? भांडणाचे नको, स्केटिंगचे सांगा.

रिंकवाली

मायनरचा २०१८ चा फ्री स्केट आधी. मग नॅशव्हिल २०२२ चा मालिनिन तू बघितलायसच, त्याच दिवशीचा जेसन ब्राउन बघ, एकही क्वाड नीट बसला नाही तरी माणूस संगीताबरोबर कसा सरकतो ते बघ आणि मग ठरव चौथ्याला का नेलं. आवाज चालू ठेवून बघ, ब्लेडचा आवाज ऐकू येतो का ते. ब्राउनचा जवळजवळ येतच नाही, इतकी धार स्वच्छ.

मंदाकिनी_एस

क्वान, १९९८, फिलाडेल्फिया. दोन्ही प्रोग्रॅम. तेव्हा सहापैकी मार्क असायचे, ६.० ची रांग लागली होती स्क्रीनवर. आणि लिउचा तेराव्या वर्षीचा, डेट्रॉइट २०१९.

जुना_प्रेक्षक

वायली मिळाला तर नॅशनल्सचा नको, आल्बेरव्हिलचाच बघा.

थेट_तिकीट

नागासू २०१४ बॉस्टन, फ्री स्केट. बघा आणि मग येऊन सांगा मला, कमिटी बरोबर होती का. मी इथेच आहे.